खड्या नवरात्राचा कौल

माझं आणि देवीचं भांडण होतं. "आईची माझ्यावर फार कृपा" असं म्हणून पदराने डोळे पुसणाऱ्या बायकांतली मी नव्हे, आणि आज लिहायला बसले आहे तीही डोळे पुसायला नाही. माझे वडील मळ्यात मोट हाकणारे माळी, पण डोक्याने साऱ्या आळीपेक्षा निराळे. मुलीच्या जातीला शाळा कशाला, असं सगळे म्हणत असताना त्यांनी मला चार इयत्ता शिकवल्या. कुणाच्या अंगात आलं की लोक लोटांगण घालायचे आणि हे लांबूनच ओरडायचे, "अरे, तिला तांब्याभर गार पाणी पाजा आणि घरी नेऊन निजवा!" त्यांच्या तालमीत मी वाढले. त्यामुळे देवीला नमस्कार करायचे तोही शेजारणीला करावा तसा, जाता जाता. अशा माझ्या एका शब्दावर एका चार वर्षांच्या पोरीचा जीव येऊन ठेपावा, ही देवीची थट्टा होती की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा. मी घडलं तसं सांगते. सांगायची सुरुवात मात्र माझ्या पायापासून करावी लागेल, कारण सगळं रामायण त्या पायाने केलं.

तेहतीस-चौतीस सालच्या सुमाराची गोष्ट. नवरा विषमज्वराने गेला तेव्हापासून पंचवटीत मी आणि माझी सासू, दोघीच राहत होतो. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. भल्या पहाटे मळ्यातून भाजी घ्यायची, पाटी डोक्यावर ठेवायची आणि दारोदार फिरून विकायची, यावर आमची चूल पेटायची. कुणाचे उपकार नव्हते, कुणाचं ऐकून घ्यावं लागत नव्हतं. एका पावसाळ्यात गंगेच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवरून माझा उजवा पाय सटकला आणि घोटा असा दुमडला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाटी उलटी, वांगी गंगेत. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) आत्याबाईंनी आंबेहळद उगाळून लेप लावला, फडक्याने आवळून बांधला, आणि काही दिवसांत सूज उतरली. मला वाटलं, सुटले. पण सुटले कसली! त्या दिवसापासून तो घोटा कायमचा लटका पडला.

त्याची तऱ्हा फार चमत्कारिक होती. सकाळी पाय अगदी शहाणा. पाटी घेऊन मी भराभर चालायचे, कुणी पैज लावली असती तर पळालेही असते. ऊन चढलं की पोटरी जळायला लागायची. मग ती दगडासारखी घट्ट व्हायची. आणि उन्हं कलली की एकाएकी दुखणंच थांबायचं. ते सगळ्यात वाईट. दुखायचं थांबलं की पावलाला जमीन कुठे आहे ते कळेनासं व्हायचं. सपाट रस्त्यावर, काही कारण नसताना, घोटा बाहेरच्या अंगाला वळायचा आणि मी पाटीसकट एका बाजूला जायचे. "काय गं, दिवसाढवळ्या ताडी घेतलीस का?" म्हणून एका पानवाल्याने हसायला सुरुवात केली, तर त्याच्या अंगावर मी मेथीची जुडी फेकून मारली. पण रोज कुणाकुणाला मारणार? गिऱ्हाइकं कमी झाली. दुपारनंतर पाटी उचलायचा धीर होईना.

ही बातमी चांदवडला माझ्या दिरापर्यंत पोचली. दीर तसा वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या चांगुलपणालाही एक वास होता. त्याने निरोप पाठवला, "वहिनी, पुरे झालं आता. दसऱ्याला गाडी घेऊन येतो. तुम्ही आणि आई चांदवडला चला. खळ्यावर कांदे निवडायला माणूस लागतंच, दोन घास आमच्यात खा." दोन घास! ते दोन घास कसे असतात ते मी माझ्या आतेबहिणीच्या घरी पाहिलं होतं. ताटात पडायच्या आधी प्रत्येक घास जावेच्या डोळ्यांतून जातो. आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ या गं बाई, तुझा पाय काय आता उभा ऱ्हात नाय." त्या शब्दाने मला इंगळी डसल्यासारखं झालं. तशीच उठले आणि गावाबाहेर चिंचेखाली देवीचं ठाणं आहे तिथे गेले. घटस्थापनेचा आदला दिवस होता, देऊळ धुऊन काढत होते. मी ओल्या फरशीवर उभी राहिले आणि मनातल्या मनात तिला म्हटलं, नवरा नेलास, बोलले नाही. आता पाय काढून घेतेस? बरं तर. खडं नवरात्र करते. नऊ दिवस टेकणार नाही. बघू तू मला पाडतेस की मी उभी राहते.

खडं नवरात्र म्हणजे नवरात्राचे सगळे दिवस बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. जेवायचं उभ्याने, झोपायचं उभ्याने. आमच्याकडे काही बायका-पुरुष ते करतात. आढ्याला दोऱ्या बांधून त्यात आडवं फळकूट अडकवायचं आणि त्यावर छाती टेकून डुलकी घ्यायची. धडधाकट पायाच्या माणसांनी करायचा नवस तो. दुखरा पाय बरा व्हावा म्हणून दुखऱ्या पायावरच रात्रंदिवस उभं राहायचं, हा शहाणपणा आमच्यासारख्यांनाच सुचायचा. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, दुखऱ्या पायाला निजवायचं सोडून उभं करतीस? डोस्कं फिरलं का तुझं?" मी म्हटलं, "फिरलंय. दोरी कुठाय ते सांगा."

पहिल्या दोन माळा मी अगदी तोऱ्यात काढल्या. सकाळी भाजी विकायची, तीही अनवाणी, आणि संध्याकाळी देवळात आरतीला जाऊन खांबाशेजारी उभं राहायचं. खांबाला टेकायचं नाही, असा माझा आणखी एक हट्ट, तो कुणी सांगितला नव्हता. चौथ्या माळेपासून पायाने ओरड सुरू केली. नंतर ती ओरडही गेली. घोटा सुजून गुळाच्या ढेपेसारखा झाला होता आणि लुगड्याच्या काठाखाली मी तो लपवत होते. तेव्हा मला एक युक्ती सापडली. समोर कशावर तरी नजर रोवायची, देवीच्या नथीवर म्हणा, समईच्या वातीवर म्हणा, आणि नजरेनेच तिला धरून उभं राहायचं. पायाला जमीन कळत नसली तरी डोळ्यांना कळते ना! डोळे उघडे असले की मी ताठ. चुकून पापणी मिटली की अंग एका बाजूला जायला लागायचं. सगळ्या बायका हात जोडून डोळे मिटायच्या आणि मी एकटी डोळे वटारून देवीकडे बघत उभी. गुरवाची बायको एकदा म्हणालीसुद्धा, "काय गं, देवीवर डोळे काढतीस का?" मी म्हटलं, "हो, तिने काढलेत माझ्यावर, मी काढते तिच्यावर."

सातव्या माळेला देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आणि लोक जरा अस्वस्थ होते, त्याला कारण होतं. दरवर्षी या दिवशी आरतीच्या वेळी एका म्हातारीच्या अंगात यायचं. ज्या बाईच्या अंगात देवी येते तिला आमच्याकडे झाड म्हणतात. लोक त्या झाडाला आपली अडचण विचारायचे, ते बोलेल तो देवीचा कौल. ती म्हातारी त्या वर्षी आजारी पडून लेकीकडे गेली होती. आता कौल कोण देणार, अशी कुजबुज चालली होती. मला त्याचं काय? मी सात दिवसांची उभी होते, पोटरीत जीव म्हणून राहिला नव्हता, आणि नथीवरची नजर ढळू नये एवढीच माझी धडपड होती. संबळ वाजायला लागला. कापूर पेटला. त्याचा धूर सरळ माझ्या तोंडावर आला, डोळे झोंबले, पाणी वाहू लागलं. तरी मी डोळे ताणून उघडे ठेवत होते. आणि मग काय झालं कोण जाणे, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला माझी कीव आली. मनात म्हटलं, बाई गं, आता माझ्याच्याने होत नाही. तू जिंकलीस. तुझं तू बघ. असं म्हणून मी हात जोडले आणि डोळे मिटले.

डोळे मिटले आणि पायाखालची जमीन गेली. घोटा बाहेर दुमडला. तोल सावरायला मी कमरेतून डावीकडे झुकले, तर डाव्या पोटरीतही त्राण उरलं नव्हतं, म्हणून परत उजवीकडे. हात आपोआप पसरले. अंबाडा सुटला. पडायलाही जागा नव्हती, इतकी गर्दी. ज्या बाजूला जाईन तिथल्या बायका मला अंगाने लोटून पुन्हा उभी करायच्या, आणि मी पुन्हा दुसऱ्या बाजूला. थकलेले दोन्ही पाय थाडथाड उडत होते. आणि कुणीतरी किंचाळलं, "आली! आई आली!"

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. बायका मागे सरल्या, माझ्याभोवती मोकळं रिंगण झालं. दोघींनी मला दोन्ही बगलांत धरलं. गुरवाच्या बायकोने कुंकवाची मूठ भरली आणि माझ्या कपाळभर मळवट भरला. माझ्या! नवरा गेला त्या दिवशी पुसलं गेलेलं कपाळ ते. ज्या बायका सकाळी माझं तोंड समोर आलं की वाट बदलायच्या, त्याच आता माझ्यापुढे नाक घासत होत्या. मला रडू आलं नाही, भरून आलं नाही, संताप आला. इतकी वर्षं या कपाळावर एक टिकली सहन झाली नाही तुम्हाला, आणि आता मूठमूठ थापता? मी तोंड उघडून तेच म्हणणार होते. एवढ्यात गर्दी बाजूला सारत एक तरणी बाई पुढे आली आणि तिने खांद्यावरची पोर माझ्या पायाशी ठेवली.

सायखेड्याची होती ती. नाव सावित्रा, ते मला नंतर कळलं. सकाळपासून बैलगाडीत बसून आली होती, लुगडं धुळीने भरलेलं. तिच्या मागे तिची सासू आणि दीर उभे. पोरीची मान दोन्ही बाजूंनी सुजली होती, ओठ काळपट निळे, आणि श्वास घेताना घशातून करकर आवाज येत होता. तो आवाज मी ओळखला. आमच्या आळीत एका पोराला घटसर्प झाला होता तेव्हा तो भिंतीपलीकडून ऐकला होता. संध्याकाळी ऐकला होता आणि सकाळी त्या घरात रडारड होती. सावित्राने माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि दोन्ही हातांनी माझा सुजलेला घोटाच धरला. मी कळवळून ओरडले. लोकांना वाटलं, देवीने आरोळी दिली. सगळ्यांनी हात जोडले.

"आई," सावित्राची सासू म्हणाली, "नात पाणी गिळत नाय. सून म्हणती डागदरकडं न्यायची, सुई टोचायची. तुझ्या कौलाबिगर आमी दवाखान्याची पायरी चढणार नाय. नेऊ का नको, तूच सांग."

मी सरळ सांगून टाकलं, "अहो, माझ्या अंगात काही आलेलं नाही! माझा घोटा गेलाय, घोटा! पोरीला दवाखान्यात न्या आणि मला कुणीतरी खाली बसवा!" वाटलं, आता तरी अक्कल येईल. छे! गुरवाने मोठ्या भक्तीने मान हलवली. "आई परीक्षा बघतीया," तो म्हणाला. सासूने सुस्कारा सोडला. "म्हंजे कौल मिळाला नाय. आज इथंच मुक्काम करू, उद्या पुन्हा इचारू." आणि ती पोरीला उचलायला वाकली.

उद्या! त्या पोरीला उद्या नव्हता. देवळातल्या एवढ्या माणसांत ते मला कळत होतं, त्या तरण्या आईला कळत होतं, आणि बाकी कुणाला कळून घ्यायचं नव्हतं. मी खरं बोलत होते तर ते कुणाला ऐकू येत नव्हतं. खोटं बोलले असते तर साऱ्यांनी ऐकलं असतं. वडील आठवले. सारा जन्म ज्याला ढोंग म्हणून हसले तेच त्यांच्या लेकीने करायचं? आणि देवी? कितीही भांडले तरी तिच्या तोंडचा शब्द आपण बोलायचा म्हणजे केवढं पाप! मी गाभाऱ्याकडे पाहिलं. ती नेहमीसारखीच, नथ घालून गप्प बसलेली. मी तिला म्हटलं, तू बोलत नाहीस ना? मग मी बोलते. पाप लागलं तर माझ्या पदरात घाल, माझा पदर रिकामाच आहे.

आणि मी ओरडले. तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "ने! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने! सुई टोचू दे! उद्यावर टाकशील तर माझ्याशी गाठ आहे!" सासू पोरीला सोडून मागे सरली. दिराने पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. मी पुन्हा ओरडले, "ऊठ!" तेव्हा सावित्रा पोरीला घेऊन उठली, पण जागची हलेना. माझा दंड धरून म्हणाली, "आई, तू म्होरं चाल. तू म्होरं असलीस तर वाटंत कुणी इचार बदलणार नाय."

म्हणजे आता मी चालायचं! ज्या पायावर मला धड उभं राहता येत नव्हतं त्या पायावर, गर्दीतून, दगडी पायऱ्या उतरून. एका हाताने मी सावित्राचा खांदा धरला आणि निघाले. प्रत्येक पावलाला घोटा वळत होता, प्रत्येक पावलाला मी झोकांडी खात होते, आणि प्रत्येक झोकांडीला लोक "उदो, उदो!" करत होते. मला एकीकडे ब्रह्मांड आठवत होतं आणि दुसरीकडे हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. बाहेर जत्रेच्या गिऱ्हाइकांसाठी टांगे उभे होते. पहिल्याच टांग्याचा मालक एक म्हातारा मुसलमान होता, रहीमचाचा म्हणत त्याला. त्याने पोरीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता घोड्याचा लगाम हातात घेतला. सावित्राने पोर माझ्या हातात दिली, कारण ती माझ्याजवळ असेपर्यंत कुणी परत मागणार नव्हतं. मी टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून गुरवाची बायको ओरडली, "आई, बसू नको! नवस मोडंल! सातवी माळ हाय!"

मी थांबले. हो, थांबले, एक श्वासभर. इतक्या दिवसांची माझी रग, माझा हट्ट, चांदवडचे ते दोन घास, सगळं त्या पायरीवर आडवं आलं. रहीमचाचा वैतागून म्हणाला, "बैठ जाव बेटी. खडे खडे गिरोगी, बच्चीकू भी गिरावगी." आणि मी बसले. पोरीला मांडीवर आडवी घेतली आणि बसले. वीज पडली नाही, काही झालं नाही. पायातून एक कळ वर आली आणि मग तो पाय जो शांत झाला, जणू इतके दिवस कुणी त्याचं म्हणणंच ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीच्या घशात बघितलं, सासूकडे बघितलं, आणि सासूला काही न बोलता पोरीला सुई टोचली. पोरीला आत घेऊन गेले. आम्ही व्हरांड्यात. मी बाकावर बसले होते, कपाळभर कुंकू, केस मोकळे, पाय धुळीने माखलेले. एक नर्सबाई आली ती आधी मला वेड्यांतलीच समजली. मग तिची नजर माझ्या घोट्यावर गेली. तिने खाली बसून तो हातात घेतला, इकडे तिकडे वळवून पाहिला, आणि मी सगळी कथा सांगितली. ती म्हणाली, "अहो, घोट्याचे बंध एकदा जोरात ताणले की सैल पडतात. मग पोटरीचे स्नायू त्याला सावरून धरतात. ते दिवसभर राबून दमले की सावरणार कोण? म्हणून तुम्ही सकाळी बऱ्या आणि संध्याकाळी पडता. त्यात डोळे मिटलेत, म्हणजे उरलेला आधारही काढून घेतलात." मी म्हटलं, "माझा नवस होता उभं राहायचा." ती पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "नवस करताना पायाला विचारलं होतं का?" रोज सकाळी भिंतीला हात लावून टाचा वर करायच्या, हळूहळू पोटरीत जोर भरेल, आणि दमलं की बसायचं, लाज वाटू द्यायची नाही, असं तिने बजावलं. आयुष्यात माझ्याशी इतकं साधं कुणी बोललं नव्हतं.

सकाळी पोरीने पाणी गिळलं. दोन चमचे. सावित्राची सासू व्हरांड्यात डोकं टेकून रडली आणि सगळं श्रेय देवीला देऊन मोकळी झाली. सावित्रा रडली नाही. ती भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपून गेली.

मी घरी आले तर दारात बायकांची ही रांग! नारळ, खण, तांदूळ. आत्याबाईंनी ओट्यावर पाट मांडला होता, त्याभोवती रांगोळी काढली होती, आणि त्यांचं तोंड आनंदाने फुललं होतं. "ये गं माझी बाई. आता डोक्यावर पाटी नको न काय नको. बसून खाशील!" मी घागरीतलं पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत कपाळ धुऊन टाकलं. म्हटलं, "बायांनो, घोटा लटका आहे माझा. हा बघा पट्टा. देवी नाही, बिवी नाही, घरी जा." तर त्या म्हणतात कशा, "बघा, किती नम्र हाय!" जितकं नाही म्हणावं तितका त्यांचा भाव वाढत गेला. शेवटी मी खराटा हातात घेतला तेव्हा अंगण मोकळं झालं.

दसऱ्याला दीर गाडी घेऊन आला तो थेट माझ्या पाया पडला. "वहिनी, चांदवडला चला. ठाणं मांडून देतो. सारा तालुका येईल." मी म्हटलं, "भाऊजी, परवापर्यंत मी तुम्हाला कांदे निवडायला हवी होते, आज देवी म्हणून हवी आहे. दोन्ही होणार नाही. आपट्याची पानं घ्या, भाकरी खा आणि सुखाने जा." दारोदार फिरणं मात्र मी सोडलं. आधी माझ्या लेखी बसून विकणं म्हणजे हार होती. आता मळ्याची गाडी माल आणून टाकायची आणि मी गंगेवरच्या बाजारात बसायला लागले. बसले, पण देवीच्या पाटावर नाही, भाजीपुढच्या गोणपाटावर. सकाळी भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, दुपारी पाय पसरून बसायचं. उन्हाळ्यापर्यंत पाय संध्याकाळचाही माझ्या ओळखीचा झाला.

पुढच्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावर एके दिवशी सावित्रा बाजारात आली. पोर तिचं बोट धरून, गळ्यात काळा दोरा, गालांवर रंग आलेला. सावित्रा माझ्यापुढे वाकली तशी मी तिचे हात धरले. मनावर ओझं होतंच. म्हटलं, "बाई, तुला खरं सांगते, मग पाया पड नाहीतर शिव्या दे. त्या दिवशी माझ्या अंगात देवी आली नव्हती. माझा घोटा गेला होता, आणि मी खोटं बोलले."

ती पोरीला एक पेरू निवडून देत होती. वर न बघता म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"ताई, तुमच्या पायावर डोस्कं ठेवलं तवाच कळलं. घोटा असा टरारून सुजलेला, हाताला चटका बसावा इतका कढत. देवीचा पाय कशाला सुजंल?"

मी म्हटलं, "मग मला आई आई काय म्हणत होतीस? म्होरं चाल काय म्हणालीस?"

आता तिने माझ्याकडे पाहिलं. "आमच्या घरच्यांना देवी पायजे हुती, ताई. मला दवाखाना पायजे हुता. तुम्ही नाय म्हणायच्या आदीच मी तुमचा घोटा दाबला, जीव खाऊन दाबला. म्हटलं, ही बाई वरडली तर वरडू दे, पण निघून जायला नको."

ती पोर पेरू खात खात माझ्या गोणपाटावर येऊन बसली आणि टोपलीतल्या भाजीला हात लावायला लागली. मी तिला रागावले नाही. मला एकदम रडू फुटलं. इतके महिने जे आलं नव्हतं ते सगळं तिथे भर बाजारात आलं, आणि सावित्रा घाबरून म्हणत राहिली, "अवो ताई, असं काय करता, लोक बघत्यात."

अजूनही कुणी ना कुणी विचारतं, त्या नवरात्रात तुमच्या अंगात आली होती ना हो? पूर्वी मी भांडायला उठायचे. आता म्हणते, हो, देवी आली होती त्या दिवशी, पण माझ्या नव्हे, सायखेड्याच्या एका सुनेच्या अंगात. तिला एक बोलणारं तोंड हवं होतं आणि चालणारा पाय, आणि नेमका माझा लटका पाय तिच्या वाटेवर उभा होता. कोणी तिथे आणून उभा केला ते मी विचारत नाही. मी तर देवीशी भांडायला गेले होते. हरले तेव्हा कुठे तिच्या उपयोगी पडले, आणि त्या हरण्याबद्दल रोज संध्याकाळी मी तिला मनापासून हात जोडते.